गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बोटॉक्स, फिलर, ग्लूटाथायोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत त्वचारोगांची प्रॅक्टिस करताना गेल्या काही वर्षांत हे प्रश्न फार वाढलेत. पूर्वी चेहऱ्यावरची इंजेक्शनं ही पुण्या-मुंबईकडची गोष्ट होती. आता सांगलीच्या विश्रामबागेतही पाट्या दिसतात, विटा-तासगावच्या मुलीही लग्नाआधी चौकशी करतात. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत दिवस जातात आणि मग हीच मुलगी घाबऱ्याघुबऱ्या फोन करते. बऱ्याचदा सासूबाईंना न सांगता, गॅलरीत येऊन, हळू आवाजात. तिच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. तुमच्या प्रकृतीचा निर्णय मात्र तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

थोडक्यात सांगा, चालतं की नाही?

गरोदरपणात नाही. सौंदर्यासाठीचं एकही इंजेक्शन नाही. अंगावर पाजत असताना बोटॉक्सबद्दल (सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणारं इंजेक्शन) थोडी मोकळीक आहे, फिलरबद्दल (ओठ-गाल भरून आणणारं जेल) त्याहून कमी, आणि गोरेपणासाठी म्हणून देतात त्या ग्लूटाथायोनच्या सलाईनबद्दल अजिबात नाही. नकळत एखादं घेतलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालंय का? नसेल तर नाही का म्हणता?

सिद्ध झालेलं नाही. पण अपाय होत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. बोटॉक्स असो की फिलर, मान्यता मिळण्यापूर्वी त्यांच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांतून गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना मुद्दाम वगळलं होतं. त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकातही 'पुरेशी माहिती नाही' एवढंच असतं.

माहिती नसताना औषध सुरक्षित धरून चालणं किती महागात पडतं, हे जगाने एकदा पाहिलंय. थॅलिडोमाइड नावाची गोळी १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकली जात होती. तिची जाहिरातच 'निर्धोक औषध' म्हणून होती आणि गरोदरपणातल्या उलट्या-मळमळीसाठी ती सर्रास दिली गेली. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. बोटॉक्स म्हणजे थॅलिडोमाइड नव्हे, दोन्हींची रसायनं पूर्ण वेगळी आहेत. पण त्या घटनेनंतर वैद्यकाने एक शिस्त लावून घेतली: गरोदर बाईला औषध द्यायचं तर त्याची गरज धोक्यापेक्षा मोठी हवी. मधुमेह, फिट्स, थायरॉइड यांत गरज उघड आहे. कपाळावरची रेघ नऊ महिन्यांनीही तिथेच असते, तिच्यावर तेव्हा उपचार करता येतात. मग गरजेच्या पारड्यात टाकायला काही उरतच नाही.

गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन चालतं, लोहाचं चालतं. मग हेच का चालत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. सुईने बाळाला काही होत नाही. सुईतून काय जातंय ते महत्त्वाचं. धनुर्वाताची लस कित्येक दशकं कोट्यवधी गरोदर बायकांना दिली गेली आहे आणि तिचा फायदा थेट बाळाला मिळतो. नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वाताने आपल्याकडे नवजात बाळं दगावायची. माता आणि नवजात बालकांमधला धनुर्वात भारतातून आटोक्यात आल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या लसीचा मोठा वाटा आहे. लोहाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आहे. आशाताईंनी सांगितलेली लस टाळायची आणि पार्लरमधली सलाईन घ्यायची, असं कृपा करून करू नका. मी हे पाहिलंय म्हणून लिहिते आहे.

दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच माझं बोटॉक्स झालं. आता काय करू?

सगळ्यात जास्त रडवेले फोन याच प्रश्नाचे येतात, म्हणून उत्तर जरा मोठं देते.

आधी शांत व्हा. कपाळावर, भुवयांच्या मध्ये बोटॉक्स घेतल्यामुळे बाळात व्यंग आलं असं आजवरच्या नोंदींतून दिसलेलं नाही. मूळ उत्पादक कंपनीने १९९० पासून २०१८ पर्यंत, गरोदरपणात किंवा त्याच्या थोडं आधी हे औषध मिळालेल्या बायकांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांतल्या बहुतेकींना ते दिवस राहण्याच्या थोडं आधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत मिळालं होतं, म्हणजे तुमच्यासारखंच. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचं प्रमाण सर्वसाधारण प्रमाणापेक्षा जास्त आढळलं नाही. कुठल्याही शंभर गरोदरपणांत तीनेक बाळांना काही ना काही जन्मजात दोष असतोच, आईने कुठलंही औषध घेतलेलं नसलं तरी. या नोंदी काहीशे बायकांच्याच आहेत, त्यामुळे त्यांच्या जोरावर 'गरोदरपणात खुशाल घ्या' म्हणता येत नाही. पण घेतलं गेलेल्या बाईला धीर द्यायला त्या नक्की पुरतात.

म्हणून तीन गोष्टी करा. कधी घेतलं, किती युनिट, कुठल्या ब्रँडचं, हे दवाखान्यातून लिहून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. लपवू नका, त्या रागावणार नाहीत. आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी, जिला अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतात, ती चुकवू नका. ती तशीही प्रत्येकीने करायचीच असते. पुढचा टच-अप अर्थातच रद्द.

आणि हे स्पष्ट लिहिते, कारण हा विचार मनात आणून बायका येतात: बोटॉक्स घेतलं होतं हे गर्भपात करण्याचं कारण नाही. घरातल्या कुणीही, अगदी औषध दुकानदारानेही, तसं सुचवलं तरी ऐकू नका. पाळी आणायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेण्यात जीवाला जो धोका आहे, तो बोटॉक्सच्या काल्पनिक धोक्यापेक्षा कितीतरी खरा आहे.

बोटॉक्स पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं का?

पोहोचण्याची शक्यता फार कमी. बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूने तयार केलेलं विष, अगदी थोड्या मात्रेत वापरलेलं. ते एक मोठ्या आकाराचं प्रथिन आहे आणि एवढे मोठे रेणू वार (प्लॅसेंटा) सहसा ओलांडत नाहीत. शिवाय ते जिथे टोचलं तिथल्याच नसांच्या टोकांना चिकटतं. तिथे ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटू देत नाही, म्हणून स्नायू आकुंचन पावत नाही आणि सुरकुती पडत नाही. योग्य डोस योग्य जागी दिला तर रक्तात ते मोजण्याइतकंही सापडत नाही.

याहून धीर देणारी माहिती एका आजारातून मिळते. खराब झालेल्या बंद डब्यातल्या अन्नातून याच विषाची बाधा होते, तिला बोट्युलिझम म्हणतात. गरोदरपणात हा आजार झालेल्या मोजक्या बायकांचे तपशील वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत. त्यांतल्या काही जणी श्वासाच्या यंत्रावर होत्या, तरी त्यांच्या बाळांमध्ये बोट्युलिझम उतरलेला दिसला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. उंदीर आणि सशांना गाभणपणात मोठे डोस दिले तेव्हा पिल्लांचं वजन घटलं, हाडं उशिरा घट्ट झाली, सशांमध्ये गर्भही पडले. माणसाच्या कपाळात जाणारा डोस त्या मानाने खूप लहान असतो, पण आम्ही 'नाही' म्हणतो त्यामागे हेही आहे.

आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. किती आधी थांबू?

याला सर्वमान्य आकडा नाही. बोटॉक्सचा परिणाम ३ ते ४ महिने टिकतो, म्हणून बरेच डॉक्टर शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिने जाऊ द्यायला सांगतात, मीही सांगते. ही निव्वळ खबरदारी आहे. तीन महिन्यांच्या आत दिवस राहिले तर वरचंच उत्तर लागू. प्रयत्न चालू असतील तर कुठल्याही इंजेक्शनच्या दिवशी सकाळी लघवीची चाचणी करा. पट्टी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. आणि डॉक्टरांनी मागच्या पाळीची तारीख विचारली तर अंदाजे सांगू नका.

मी सौंदर्यासाठी नाही, अर्धशिशीसाठी बोटॉक्स घेते. तेही बंद?

हा निर्णय तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांचा. जुनाट अर्धशिशीसाठी १५५ युनिट देतात, तर भुवयांमधल्या रेघांसाठी साधारण २०. डोस मोठा आहे, पण इथे आजारही खरा आहे, आणि त्यावरच्या काही गोळ्या (उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट) गरोदरपणात बोटॉक्सपेक्षा निश्चितच वाईट. परदेशात काही बायकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चालू ठेवलं आणि बाळं निरोगी जन्मली, अशा नोंदी आहेत. स्वतःहून बंदही करू नका, स्वतःहून चालूही ठेवू नका.

फिलर तर नैसर्गिक असतं म्हणे. ओठांना थोडंसं घेतलं तर?

बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे असतात आणि हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत असतोच, हे खरं. जेल जागच्या जागी राहतं, बाळापर्यंत जात नाही. त्यात मिसळलेलं भुलीचं लिडोकेन इतक्या कमी मात्रेत गरोदरपणातही चालतं. दात काढताना तेच देतात. मला काळजी फिलरची नाही, काही बिघडलं तर पुढे करावं लागणाऱ्या उपचारांची आहे.

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा तुटतो. त्वचा काळी पडते आणि क्वचित डोळ्याची वाहिनी बंद होऊन दृष्टी जाते. अशा वेळी फिलर विरघळवणाऱ्या हायल्युरोनिडेजचे मोठे डोस तातडीने, पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. जोडीला अ‍ॅस्पिरिन, स्टेरॉइड, प्रतिजैविकं. गरोदर बाईला यातलं प्रत्येक औषध देताना डॉक्टरचा हात थबकणार, आणि इथे थबकायला वेळ नसतो. डोळ्याचा पडदा रक्ताविना तास-दीड तासात कायमचा निकामी होऊ शकतो. जत किंवा आटपाडीहून मिरजेला पोहोचण्यातच तेवढा वेळ जातो.

शिवाय गरोदरपणात अंगावर सूज येते, चेहरा भरतो, ओठही थोडे फुगतात. त्या चेहऱ्याच्या मापाने भरलेलं फिलर बाळंतपणानंतर चेहरा उतरला की वेगळंच दिसतं. आधीच घेतलेलं फिलर चेहऱ्यात असताना दिवस राहिले असतील तर ते काढायची गरज नाही. ते तसंच राहू द्या.

सातव्या महिन्यात ग्लूटाथायोनची सलाईन घेतली तर बाळ गोरं होतं, असं ऐकलंय. खरं आहे का?

नाही. साफ खोटं आहे.

बाळाचा रंग आई-वडिलांच्या जनुकांवर ठरतो. केशर-दुधाने तो बदलत नाही, शहाळ्याने बदलत नाही आणि सलाईननेही बदलत नाही. केशर-दूध प्यायल्याने निदान नुकसान तरी होत नाही. ग्लूटाथायोन शिरेतून देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्वचा उजळवण्यासाठी या इंजेक्शनला आपल्या देशात औषध नियंत्रकांची मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये त्याचं फार वेड होतं. तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला की यामुळे यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते आणि त्वचा सोलून निघण्याइतकी गंभीर अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. गरोदरपणात त्याचा काय परिणाम होतो याचा धड अभ्यासच नाही. सोबत 'व्हिटॅमिन सी'चा मोठा डोस असतो, तो मूतखड्याला निमंत्रण देतो, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाईच्या तांबड्या पेशी फोडू शकतो. ही कमतरता आपल्याला आहे हे बहुतेकींना ठाऊकही नसतं.

डोहाळजेवणाला नटलेली सावळी मुलगी बघून 'बाळ कुणावर जाणार बाई' म्हणणाऱ्या बायका असतातच. त्या बोलण्याने किती पोरी खचतात हे मी रोज बघते. त्यांच्यापैकी कुणी ही सलाईन मागायला आली तर मी तिच्या नवऱ्याला आत बोलावते आणि दोघांना समोर बसवून बोलते. बाळाचं वजन, आईचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, या गोष्टींची काळजी करा. पोटातल्या जीवाच्या रंगाची काळजी करण्यात आईच्या जीवाशी खेळ होतो.

चेहऱ्यावर वांग आलेत. त्याचं इंजेक्शन मिळतं ना?

ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचं मिळतं, पण ते रक्त गोठण्याच्या क्रियेवर काम करतं आणि गरोदरपणात रक्त आधीच जास्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. वांगासाठी ते आत्ता नको. बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला हेच औषध देतात, ती गोष्ट निराळी. तिथे जीव वाचवायचा असतो.

गरोदरपणातले वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचे आपोआप फिके होतात. तोवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन लावा, उन्हात पदर किंवा टोपी घ्या. द्राक्षाच्या बागेत छाटणीला, खुडणीला जाणाऱ्या बायकांनी तर रोज. अझेलाइक अ‍ॅसिडचं मलम डॉक्टरांना विचारून चालतं. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेल्या गोरेपणाच्या ट्यूब मात्र बंद करा. तीन औषधांची ती मिश्र ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

बाळंतपणानंतर केस मुठीमुठीने जातायत. पीआरपी करून घेऊ?

थांबा. गरोदरपणात जे केस गळायचे राहिलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळतात. वर्षभरात बहुतेकींचे पुन्हा भरून येतात. पीआरपीत स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढून डोक्याच्या त्वचेत टोचतात, त्यामुळे बाळाला धोका असण्याचं कारण दिसत नाही. पण जे आपोआप बरं होणार आहे त्यावर हजारो रुपये का घालवायचे? त्याऐवजी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. यातलं काही बिघडलं असेल तर पीआरपीने काहीच साधणार नाही.

अंगावर पाजतेय. बोटॉक्स घेतलं तर दुधातून बाळाला जाईल?

जाण्याची शक्यता फार कमी आहे. बोट्युलिझम झालेल्या एका आईने आजारातही पाजणं चालू ठेवलं होतं. तिच्या दुधात विष सापडलं नाही आणि बाळ ठणठणीत राहिलं. चेहऱ्याच्या बोटॉक्सनंतर दूध तपासण्याचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच बायकांवर झालेत. म्हणून जगभरातले तज्ज्ञ यावर एकमताचे नाहीत. काही 'चालेल' म्हणतात, काही 'थांबा'. माझा सल्ला: बाळ निव्वळ दुधावर आहे तोवर, म्हणजे पहिले सहा महिने, घेऊ नका. त्यानंतर घ्यायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून, कमीत कमी डोसात, बालरोगतज्ज्ञांना सांगून.

घेतलं गेलं तर पाजणं बंद करू नका. दूध काढून ओतून देण्याला शास्त्रीय आधार नाही. बाटलीचं दूध सुरू करून होणारं नुकसान त्याहून मोठं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. हे विष तयार करणारा जिवाणू मातीत असतो आणि त्याचे बीजाणू मधात सापडतात. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात हे बीजाणू रुजून तिथेच विष तयार करू शकतात; बाळ मलूल पडतं, दूध ओढत नाही, शी होत नाही, मान टाकतं. आईच्या कपाळातल्या बोटॉक्सची चिंता करणाऱ्या घरात मधाची बाटली बाळाच्या उशाशी असते. तो मध पहिलं वर्षभर बाळाला देऊ नका.

आणि पाजताना फिलर?

बाळाला थेट धोका दिसत नाही, पण गुंतागुंतीचा धोका सगळ्यांइतकाच असतो. पाजणं संपेपर्यंत थांबलेलं बरं. चेहऱ्याची सूज पूर्ण उतरायलाही वेळ हवाच.

हनुवटीखालची चरबी विरघळवणारं, पायातल्या निळ्या शिरांचं, मेसोथेरपी (त्वचेत बारीक बारीक इंजेक्शनं), 'सामन डीएनए' (सामन माशापासून बनवलेलं इंजेक्शन)?

यातलं काहीही गरोदरपणात नाही, पाजतानाही नाही. शिरा बाळंतपणानंतर बऱ्याचदा स्वतःच बसतात. तोवर पाय उंचावर ठेवून झोपा, डॉक्टरांना विचारून दाबमोजे वापरा.

पार्लरमधली ताई निम्म्या पैशात करते. ती म्हणते पोटुशीला चालतं.

ब्युटिशियनला इंजेक्शन देण्याचा अधिकारच नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनकडेच जा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, तो सांगायला कुणी खरा डॉक्टर लाजत नाही. बोटॉक्स २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. एसटीच्या पार्सलने उन्हातून आलेल्या कुपीत काय शिल्लक असेल सांगता येत नाही. बनावट माल ही त्याहून गंभीर गोष्ट. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे बायका विषबाधेच्या लक्षणांनी रुग्णालयात दाखल झाल्या. वरची सगळी धीराची उत्तरं खऱ्या औषधाच्या योग्य डोसाबद्दल आहेत. डबीत काय होतं हेच माहीत नसेल तर ती तुम्हाला लागू होत नाहीत.

इंजेक्शननंतर त्रास झाला तर कुठे जायचं?

गिळायला त्रास, आवाज बदलणं, पापणी उघडत नाही, एकाचे दोन दिसतात, श्वास लागतो: बोटॉक्सनंतर यातलं काहीही झालं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. १०८ ला फोन करा. फिलरनंतर असह्य दुखणं, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणं, डोळ्यापुढे अंधार: हेही तितकंच तातडीचं. पोहोचल्याबरोबर पहिलं वाक्य 'मी गरोदर आहे' किंवा 'मी अंगावर पाजते' हे असू द्या, आणि इंजेक्शनची रिकामी डबी किंवा तिचा फोटो सोबत न्या.

नंतर सवड मिळाली की औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करा. सरकारचा त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्णही तिथे स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. गरोदर बायकांबद्दलची माहिती इतकी तोकडी आहे की प्रत्येक नोंद पुढच्या बाईच्या उपयोगी पडते.